ट्रंकेत सापडलेलं पदक कोणत्या लढाईचं? आधी कड वाचा

माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली की तळाशी जुन्या रुमालात बांधलेलं काहीतरी निघतं. राजाचं डोकं असलेली जड चकती, मागून सपाट असलेली पितळी चांदणी, किंवा बाई आणि सिंह यांचं चित्र असलेलं कांस्याचं गोल ताट. घरातली गोष्ट मात्र ठरलेली असते: पणजोबांना राणीने शौर्यासाठी दिलं. या वाक्यात दोन गडबडी आहेत. पहिल्या महायुद्धात गादीवर पाचवा जॉर्ज होता आणि दुसऱ्यात सहावा जॉर्ज, राणी नव्हे. आणि अशी बहुतेक पदकं शौर्याची नसतात. त्या मोहिमेवर माणूस हजर होता, एवढंच ती सांगतात. घरच्या गोष्टीत तथ्य असू शकतं, पण ती शेवटी तपासायची. आधी वस्तूवर काय लिहिलंय ते वाचायचं.

इथे लिहिलंय ते मुख्यतः १९१४ ते १९४७ या काळातल्या ब्रिटिश हिंदी फौजेच्या वस्तूंबद्दल. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, नगर या भागांतल्या घरांत सापडतात त्या बहुतेक याच असतात.

घासू नका

सापडल्यावर पहिली चूक इथेच होते. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यातलं काहीही लावू नका. हिंदी शिपायांच्या पदकांवर नाव ठशांनी उमटवलेलं असतं आणि ते पुष्कळदा फार खोल नसतं. एरवीच छातीवर घासून अर्धं गेलेलं असतं, वर तुम्ही चिंच लावून चोळलंत तर उरलेलं अर्धंही जातं. काळपट थर म्हणजे घाण नव्हे, त्याच थरामुळे अक्षरांच्या खाचा डोळ्यांना दिसतात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढली की पुरे. फीत असेल तर ती धुऊ नका, जुने रंग पाण्यात फुटतात आणि लाल पांढऱ्यात उतरतो. मग फितीवरून ओळख पटवायचा रस्ता बंद.

साहित्य फार लागत नाही: सोनाराचं दहापट मोठं दाखवणारं भिंग, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजता येईल असा कॅलिपर, ग्रॅममध्ये मोजणारा काटा आणि मोबाइलचा टॉर्च. चुंबक असेल तर तोही घ्या. चांदी, कांस्य, पितळ आणि तांबं-निकेलचा मिश्रधातू यांपैकी एकही त्याला चिकटत नाही. चिकटलं तर समजा लोखंडावर मुलामा दिलेली नक्कल आहे.

कड कशी वाचायची

गोल पदकाची कड जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. नाव तिथेच असतं, म्हणूनच वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. चांदणीच्या आकाराच्या पदकाला वाचण्याजोगी कड नसते, तिथे मजकूर मागच्या सपाट बाजूवर येतो.

खोलीत अंधार करा. पदक काळ्या कापडावर उभं धरा आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने, कडेला जवळजवळ टेकवून धरा. तिरप्या उजेडात खाचांच्या सावल्या पडतात आणि अक्षरं उठून दिसतात. पदक थोडं थोडं फिरवत सात-आठ फोटो काढा. एका फोटोत पूर्ण कड कधीच येत नाही. तरीही वाचता आलं नाही तर कडेवर चिमूटभर टाल्कम पावडर बोटाने फिरवून वरची पुसून टाका, खाचांत राहिलेली पांढरी रेघ वाचता येते. नंतर ब्रशने ती काढायला विसरू नका.

मजकुराचा क्रम बहुधा ठरलेला असतो: आधी शिपायाचा क्रमांक, मग हुद्दा, मग नाव, शेवटी पलटण. सगळं रोमन मोठ्या अक्षरांत. समजा कडेवर असं दिसलं: १४६२ सेपॉय रामजी कदम, ११७ महरट्टाज. नाव कदम आहे म्हणून ते आपलेच, असं लगेच ठरवू नका. रामजी कदम त्या काळात प्रत्येक तालुक्यात सापडतील. खरी किल्ली आहे ती १४६२ आणि ११७ ही जोडी. एका पलटणीत तो क्रमांक ज्याचा, पदक त्याचं. म्हणून हे दोन आकडे आधी वहीत उतरवा, नाव त्यानंतर.

हुद्द्यांची लघुरूपं सरावाने कळतात: सेप. म्हणजे शिपाई, एन. के. म्हणजे नाईक, हव. म्हणजे हवालदार, जेम. म्हणजे जमादार, सुब. म्हणजे सुभेदार. याच जागी भिस्ती, कुक, ड्रायव्हर किंवा फॉलोअर असंही येतं. ते वाचून हिरमुसायचं कारण नाही. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, उन्हात पाणी वाहणारा भिस्ती नसता तर पलटण दोन दिवस टिकली नसती.

नावांच्या स्पेलिंगमध्ये गोऱ्या कारकुनाच्या कानाचा भाग मोठा असतो. पवारचा पोवार होतो, जाधवचा जाडव, भोसलेचा भोन्सले, सावंतचा सावन्ट. वडिलांचं नाव पुष्कळदा नसतंच. आणि मराठाचं स्पेलिंग तेव्हा एच घालून महरट्टा असं होत असे. फौजेत मराठा हे रूप आलं स्वातंत्र्यानंतर.

कड गुळगुळीत आणि अगदी कोरी असेल तर कॅलिपर लावा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांचा व्यास ३६ मिलिमीटर. तो साडेपस्तीस किंवा त्याहून कमी भरला तर कुणीतरी कानस मारून जुनं नाव उडवलंय. एकाच कडेवर अक्षरांची उंची कमीजास्त असेल, किंवा अक्षरांखालची पातळी खोलगट वाटत असेल, तर जुनं नाव घासून नवं घातलेलं असतं. अशा पदकावर कुटुंबाचा इतिहास उभा करू नका.

पहिलं महायुद्ध: तीन वस्तूंचा संच

सर्वांत जास्त सापडतो तो तिघांचा संच: एक चांदणी, एक चांदीची चकती, एक कांस्याची चकती. तिघांवर क्रमांक एकच हवा. वेगळा असेल तर नंतर कुणी एकत्र केलेला ढीग समजा, मग तो एकाच रुमालात का निघेना.

चांदणीवर एकमेकांवरून गेलेल्या दोन तलवारी असतात, वर मुकुट, मध्ये पट्टीवर साल. पट्टीवर १९१४-१५ असेल तर ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत माणूस युद्धक्षेत्रात पोचला होता. मेसोपोटेमियात गेलेल्या महरट्टा पलटणींच्या घरांत हीच चांदणी दिसते. मध्ये नुसतं १९१४ आणि वर-खाली ऑगस्ट व नोव्हेंबर लिहिलेलं असेल तर ती वेगळी आणि बरीच दुर्मिळ आहे. ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये असलेल्यांनाच ती मिळाली. मराठी घरात ती निघाली तर मागे महरट्टा पलटण नव्हे, बॉम्बे सॅपर्स (फौजेतले बांधकाम-सुरुंगवाले) किंवा १०७ पायोनियर्स असण्याची शक्यता जास्त. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधल्या नव शापेलला लढल्या. त्या काळी त्यांचं अधिकृत नाव ३ सॅपर्स अँड मायनर्स होतं, तेव्हा मागे ३ एस. अँड एम. अशासारखं काही दिसलं तर गोंधळू नका.

चांदीची चकती म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा घोडेस्वार, घोड्याच्या पायाखाली ढाल आणि कवटी. झटकन पाहिलं तर खंडोबाचा टाकच वाटावा. फीत मध्ये रुंद केशरी, दोन्ही बाजूंना पांढरी, काळी आणि निळी रेघ. यात चांदी असते एक औंसाच्या आसपास, म्हणजे अडीच तोळ्यांहून थोडी जास्त, आणि ती ९२५ची. याच चांदीपायी असंख्य पदकं मुशीत गेली. सोनाराकडे फक्त धातू ओळखायला नेत असाल तर त्याला कानस लावू देऊ नका, कसोटीची रेघ कडेवरच ओढली जाते. हेच पदक चांदीऐवजी कांस्याचं असेल तर ती नक्कल नव्हे. मजूर तुकड्यांतल्या लोकांना ते कांस्यात दिलं गेलं, आणि बाजारात आज त्याला भाव चांदीपेक्षा जास्त येतो.

तिसरं म्हणजे विजयपदक: पंख पसरलेली देवता, मागे १९१४-१९१९, फीत इंद्रधनुष्यासारखी, मधोमध लाल. कांस्याचं असल्याने ते बहुतेक घरांत टिकलं, चांदीचं गेलं तरी.

राजाच्या डोक्याभोवतीचा लॅटिन मजकूरही वाचा. त्याच्या शेवटी इंड. इम्प. अशी अक्षरं येतात, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. या अक्षरांमुळे लोक त्याला जुना रुपया समजतात. रुपयाला वर कडी नसते, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल. राजा-राणी दोघांचे चेहरे आणि मागे फारसी मजकूर असेल तर ते १९११ च्या दिल्ली दरबाराचं पदक, त्याचा युद्धाशी संबंध नाही.

खरंखुरं शौर्यपदक असेल तर तसं त्यावर लिहिलेलं असतं. हिंदी शिपायांसाठीच्या इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडलवर, हे १९०७ मध्ये सुरू झालं, मागच्या बाजूला पानांच्या वेढ्यात फॉर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस असे शब्द आहेत. फीत गडद निळी, मध्ये किरमिजी पट्टा. चांगल्या वर्तणुकीबद्दलचं पदक वेगळं, त्यावर लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट असं असतं. दोन्हींचा घोळ घरोघरी होतो.

पलटणीचा आकडा

१९२२ मध्ये हिंदी पायदळाची पुनर्रचना झाली आणि सगळे आकडे बदलले. तोवर महरट्टा पलटणी सहा होत्या. त्यांची ५ महरट्टा लाइट इन्फंट्री झाली. १०३ ची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी आणि ११४ ची दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची. केंद्र बेळगावला.

इथे एक ठरलेली चूक होते. झिजलेल्या कडेवर १-५ आणि १०५ सारखेच दिसतात. १-५ म्हणजे १९२२ नंतरची पहिली बटालियन, १०५ म्हणजे त्याआधीची वेगळीच पलटण. पदक कोणत्या काळाचं आहे ते आधी ठरवा, मग आकडा आपोआप सुटतो. पहिल्या महायुद्धाच्या पदकावर १-५ येणारच नाही. १११ महार दिसलं तर तो मजकूर १९१७ ते १९२१ याच काळाचा, कारण ती पलटण तेवढीच वर्षं होती. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली १ ऑक्टोबर १९४१ रोजी.

आता मघाचं उदाहरण पुढे नेऊ. ११७ महरट्टाज आणि १९१४-१५ ची चांदणी, म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. हिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी होत्या आणि तिन्ही मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला, शरणागती झाली २९ एप्रिल १९१६ रोजी. तेव्हा घरात आजोबा तुर्कांच्या कैदेत होते अशी गोष्ट असेल, तर ती इथे पदकाशी जुळते. पण १९१४-१५ ची चांदणी नाही, नुसत्या दोन चकत्या आहेत, तर माणूस युद्धक्षेत्रात १९१६ किंवा त्यानंतर पोचला. मग त्या वेढ्यात तो असणं अवघड.

दुसरं महायुद्ध: नाव नसतंच

इथे सगळा हिशेब उलटा. सहा टोकांच्या पिवळट चांदण्यांवर मध्ये राजाची जी. आर. आय. ही अक्षरं आणि भोवतीच्या वर्तुळात चांदणीचं नाव स्पष्ट कोरलेलं असतं: बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार. वस्तू ओळखायला दोन मिनिटं लागतात, पण मालक ओळखता येत नाही, कारण ब्रिटिश सरकारने ही पदकं बिननावी काढली. कडेवर किंवा मागे नाव असलंच तर ते नेमकं कुणी घातलं ते तपासा.

१९३९-४५ स्टारची फीत तीन सारख्या पट्ट्यांची: गडद निळा, लाल, फिका निळा. आफ्रिका स्टार वाळूच्या रंगाची, मध्ये लाल. ती १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळासाठी, त्यामुळे १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरेनला लढलेले महरट्टे यात येतात. इटली स्टार लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. इटलीत महरट्टा लाइट इन्फंट्रीला दोन व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांची सर्वोच्च शौर्यपदकं, मिळाले: नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या कामगिरीबद्दल, शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या. आफ्रिका आणि इटली असा जोड एकाच माणसाकडे असणं म्हणूनच साहजिक आहे. बर्मा आणि पॅसिफिक या दोन चांदण्या मात्र एकाच माणसाला मिळत नसत. तसा जोड निघाला तर समजा दोन माणसांची पदकं मिसळलीत, किंवा जुन्या बाजारातून कुणी संच जमवलाय.

मागे भारताचा नकाशा असलेलं पदक म्हणजे इंडिया सर्व्हिस मेडल, देशातच राहून तीन वर्षं केलेल्या नोकरीचं. सिंह दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असेल तर वॉर मेडल १९३९-४५. केशरी-पांढरी-हिरवी फीत आणि अशोकचक्रावर मुकुट, हे विचित्र वाटणारं लेणं १९४७ च्या स्वातंत्र्यपदकाचं. त्यावर पुन्हा नाव येतं. आणि तेजोवलयात उभी तलवार असेल तर ते १९४७ चं जनरल सर्व्हिस मेडल. ती तलवार शिवाजी महाराजांची भवानी. फितीवरच्या धातूच्या पट्टीवर बहुधा जम्मू अँड काश्मीर असतं.

बिननावी पदकाचा मालक ठरवायला कागद लागतो. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पगाराचं पुस्तक, पेन्शनचा कागद, यांपैकी काहीही. मजकूर परका वाटला तर तो रोमन अक्षरांतली उर्दू असू शकतो, फौजेत तीच चाले. घरच्यांनी पाठवलेली जुनी पत्रं मोडीत असतील, ती मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. लखोट्यावर आय. ई. एफ. आणि पुढे डी असेल तर मेसोपोटेमिया, ए असेल तर फ्रान्स, ई असेल तर इजिप्त. हे पहिल्या महायुद्धापुरतं.

पदक नसलेल्या वस्तू

१२० मिलिमीटर व्यासाचं कांस्याचं ताट, त्यावर ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली बाई), सिंह आणि चौकटीत उठावाचं नाव: हे मृत सैनिकाच्या घरी पाठवलेलं स्मृतिचिन्ह. हुद्दा मुद्दामच घातलेला नाही, मेलेले सगळे सारखे म्हणून. घरात ते असेल तर त्या नावाचा माणूस परतला नाही, यावर वाद नको. क्रमांक आणि पलटण मात्र त्यावर नसते, त्यासाठी पदकच शोधावं लागतं.

सुमारे पाच इंच लांब आणि सव्वातीन इंच रुंद पितळी डबी, झाकणावर राजकन्या मेरीचा चेहरा आणि ख्रिसमस १९१४: सैनिकांना भेट म्हणून वाटलेली. हिंदी शिपायांच्या डब्यांबरोबर खडीसाखर आणि मसालेही गेले होते. आता तिच्यात हळदकुंकू असलं तरी डबी तीच.

बिल्ला किंवा बटणावर मुकुट असेल तर १९५० च्या आधीचा साचा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. बाणाचं चिन्ह आणि त्याखाली आय, म्हणजे हिंदी फौजेचं सरकारी सामान.

पितळी तोफगोळ्याच्या नळकांड्याच्या बुडावर १८ पी. आर. असेल तर ते १८ पौंडी तोफेचं. फुलदाण्या याच्याच होत. पण पुढचं टोक अजून जागेवर असेल, आत काही खुळखुळत असेल, किंवा अननसासारखा लोखंडी हातबॉम्ब असेल, तर ओळख पटवायच्या भानगडीत पडू नका. हलवू नका, माती काढू नका, ११२ ला फोन करा. शंभर वर्षांनी दारू निकामी होते हा समज चुकीचा आहे, उलट काही स्फोटकं जुनी झाल्यावर जास्त नाजूक होतात. संगीन सापडली तर ती खांद्यावर टाकून गावात मिरवू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून ठेवा.

नाव मिळाल्यावर

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची नोंद फुकट शोधता येते. शोधताना नाव टाकू नका. क्रमांक आणि महरट्टा हा शब्द टाका, स्पेलिंगची कटकट टळते. नोंद सापडली की पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा मिळतो. जिल्हा जुन्या नावाने शोधा: रायगड तेव्हा कुलाबा होता. पहिल्या युद्धासाठी ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे आणि दुसऱ्यासाठी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे मृत्यू त्यात धरलेत, त्यामुळे आजाराने डेपोत वारलेला माणूसही सापडतो. मेसोपोटेमियात वारलेल्यांची नावं बसरा स्मारकाच्या यादीत, देशात वारलेल्या १,८०० हून अधिकांची नावं पुण्याच्या खडकी स्मारकावर.

इथे नाव सापडलं नाही म्हणजे पदक खोटं नव्हे. माणूस परत आला, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी दुसरे रस्ते: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, आणि बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस. अर्जात क्रमांक, हुद्दा, पलटण, गाव आणि पदकाच्या कडेचे फोटो द्या. नुसतं नाव देऊन केलेला अर्ज पडून राहतो. इंटरनेटवर खुली झालेली पंजाबची भरती-रजिस्टरं फक्त पंजाबची आहेत, त्यात आपले लोक शोधण्यात वेळ घालवू नका. आणि गावच्या चावडीवर किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का बघा. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा इंग्रजी मजकूर असतो. नावं नसतात, पण आकडा असतो, आणि तो घरच्या गोष्टीशी ताडून पाहता येतो.

विकायचा विचार असेल तर एवढं करा: तिघांचा संच फोडू नका, फीत बदलू नका. पहिल्या महायुद्धाच्या वस्तूंना आता शंभर वर्षं उलटून गेलीत, त्यामुळे परदेशी खरीदार कितीही घाई करो, पोस्टात टाकण्याआधी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात लेखी विचारा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात अशा वस्तू देशाबाहेर न्यायला मनाई आहे. घरातच ठेवणार असाल तर प्रत्येक पदक वेगळ्या साध्या पांढऱ्या सुती कापडात ठेवा, रबरबँड आणि प्लास्टिकची पिशवी नको, आणि सोबत एका कागदावर कडेचा पूर्ण मजकूर लिहून ठेवा.